उशाशीं एक मिनिट

परिचर्येच्या शिक्षणास ज्यांनीं नुकताच आरंभ केला आहे, अशा विद्यार्थिनींशीं व विद्यार्थ्यांशीं आज मला थोडें बोलावयाचें आहे. रोग्याच्या शरीराची प्राथमिक तपासणी परिचारिकेनें कशी करावी, हा आजचा विषय. विषय पहिल्या इयत्तेंतील धड्यासारखा साधा आहे. पण ज्या घरांत कोणी अंथरुणास खिळून आहे, त्या घरांतील मंडळींनींही तो ऐकला तर त्यांचा वेळ वायां जाणार नाहीं, अशी मला आशा आहे.

तपासणी हें तर डॉक्टरांचें काम. परिचारिकेनें तें कां शिकावें, असा प्रश्न प्रथम निघेल. त्याचें उत्तर घड्याळच देईल. डॉक्टर आपल्या फेरींत एकेका रोग्यापाशीं कांहीं मिनिटें थांबतात. परिचारिका सबंध पाळीभर त्याच्या आसपास असते. आणि रोग कांहीं डॉक्टरांच्या फेरीची वेळ पाहून बळावत नाहीं. पहांटे तीन वाजतां एखाद्याची प्रकृति ढासळूं लागली, तर तें पहिल्यानें दिसावयाचें तें परिचारिकेलाच. आणि तिला दिसलें नाहीं, तर सकाळपर्यंत तें कोणालाच दिसत नाहीं. रोगाला नांव देणें व औषध ठरविणें हें डॉक्टरांचें काम खरें. परंतु रोग्यांत कांहीं तरी बदलत आहे हें वेळेवर ओळखणें आणि वेळेवर कळविणें हें परिचारिकेचें काम आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढली. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं एक सबंध प्रकरण रोग्याच्या निरीक्षणासाठींच खर्चीं घातलें आहे. हवा, स्वच्छता आणि अन्न यांइतकीच नजरही त्यांना महत्त्वाची वाटली.

आतां तपासणीचीं साधनें पाहूं. आपल्या आयुर्वेदानें दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशीं तीन साधनें फार पूर्वीं सांगून ठेविलीं आहेत. आजचें वैद्यक पाहणें, चांचपणें, ठोकणें आणि ऐकणें अशीं चार सांगतें, व विचारपूस तर त्यांच्या आधींचीच समजतें. यांपैकीं ठोकण्याची रीति व्हिएन्ना येथील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यानें १७६१ सालीं पुस्तकरूपानें जगापुढें मांडली. हा गृहस्थ ग्राट्स गांवच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपांत मद्य कोठपर्यंत आहे हें पिंप ठोकून ओळखतात, त्यावरून छाती ठोकून पाहण्याची कल्पना त्यास सुचली, असें सांगतात. त्याच्या पुस्तकाकडे बरींच वर्षें फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें १८०८ सालीं कोर्व्हिझार यानें त्याचें फ्रेंचमध्यें भाषांतर केलें, तेव्हां त्याचें चीज झालें. १८१६ सालीं पॅरिस येथें रने लेनेक हा वैद्य एका तरुण स्त्रीची प्रकृति पाहात होता. तिच्या छातीस कान लावणें त्याला प्रशस्त वाटेना. म्हणून त्यानें कागदाची गुंडाळी करून तिचें एक टोंक छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें, आणि हृदयाचे ठोके त्याला नुसत्या कानापेक्षांही स्पष्ट ऐकूं आले. आज ज्याला आपण स्टेथोस्कोप म्हणतों, त्याचा जन्म हा असा रोग्याची भीड राखण्यांतून झाला. गळ्यांत ती नळी अडकवितांना विद्यार्थिनींनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

तपासणीचा आरंभ हातानें न करतां डोळ्यांनीं करावा. खाटेच्या पायथ्याशीं क्षणभर उभें राहावें. रोगी कसा निजला आहे? सपाट निजला आहे, कीं उशा रचून बसला आहे? ज्याला आडवें होतांच दम लागतो तो सांगण्यापूर्वींच उठून बसलेला असतो. पोटांत तीव्र दाह असलेला मनुष्य बहुधा हालचाल न करतां निपचित पडतो. मुतखड्याच्या कळा येणारा एका जागीं ठरत नाहीं. आपण खोलींत आलों हें त्याच्या लक्षांत आलें का? काल जो नांवानें हांक मारीत होता, तो आज नातवास मुलाच्या नांवानें हांक मारीत असेल, तर तेंही एक लक्षणच समजावें.

रंग पाहावयाचा तो उजेडांत पाहावा. येथें एक सूचना आवश्यक आहे. पुष्कळ पाठ्यपुस्तकें गोऱ्या लोकांच्या देशांत लिहिलीं गेलीं आणि त्यांतील वर्णनें गोऱ्या कातडीचीं आहेत. आपल्या सांवळ्या माणसाच्या गालावर फिकटपणा किंवा निळसरपणा शोधूं गेल्यास तो सांपडणार नाहीं. रक्त कमी असल्यास तें खालच्या पापणीच्या आंतल्या बाजूस, जिभेवर व तळहातावर दिसतें. प्राणवायु कमी पडल्याची निळसर झांक ओठांच्या आंतल्या बाजूस व जिभेवर पाहावी. कावीळ दिवसाच्या उजेडांत डोळ्यांच्या पांढऱ्या भागांत पाहावी.

नंतर प्रश्न आणि स्पर्श. स्पर्श करण्यापूर्वीं आपलें नांव सांगावें, परवानगी घ्यावी व पडदा ओढावा. "आजी, जरा हात पाहूं का तुमचा?" एवढें बोलण्यास फार वेळ लागत नाहीं. रोगी बेशुद्ध असला तरीही हें बोलावें. त्याला ऐकूं येत नाहीं, असें आपण खात्रीनें सांगूं शकत नाहीं. हात धुतलेले व ऊबदार असावेत. नाडी पाहतांना मनगटाच्या आंगठ्याकडील बाजूस दोन किंवा तीन बोटांचीं अग्रें हलकेंच ठेवावीं. आपल्या आंगठ्यानें नाडी पाहूं नये; आंगठ्यांत स्वतःचीच नाडी उडते, आणि रोग्याच्या ऐवजीं आपण आपलीच मोजून बसतों. विश्रांतींत असलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटास साधारणतः ६० ते १०० असते. पण नुसती संख्या पुरत नाहीं. ठोके सारख्या अंतरानें पडतात कीं मधूनच चुकतात, भरदार आहेत कीं दोऱ्यासारखे बारीक, हेंही पाहावें. आणि ताल चुकत असेल तर सबंध मिनिटभर मोजावें.

पायांवर सूज वाटल्यास नडगीच्या हाडावर बोटानें कांहीं सेकंद दाबून धरावें; बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर शरीरांत पाणी सांठत आहे. जुलाब झालेल्या लहान मुलाच्या पोटाची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती सावकाश पूर्ववत होत असेल, तर शरीरांतील पाणी कमी झालें आहे. ठोकून पाहण्याची रीति स्वयंपाकघरांतील हंड्यासारखी आहे. रिकामा हंडा एक नाद देतो, भरलेला दुसरा. हवेनें भरलेल्या फुप्फुसावर पोकळ आवाज निघतो; जेथें पाणी किंवा घट्टपणा आला तेथें आवाज बद्द होतो.

या चार क्रियांचा क्रम छातीसाठीं पाहणें, चांचपणें, ठोकणें व ऐकणें असा आहे. पोटासाठीं मात्र तो बदलतो. तेथें पाहिल्यानंतर लगेच ऐकावें. ठोकणें व चांचपणें मागाहून. कारण पोट आधींच दाबलें, तर आंतड्यांची हालचाल बदलते आणि मग जो आवाज ऐकूं येतो तो आपण निर्माण केलेला असतो. शिवाय जेथें दुखतें तेथें शेवटीं हात लावावा, नाहींतर रोगी सगळें पोट आवळून धरतो. परीक्षेंत हा प्रश्न पुष्कळदां विचारतात; पण त्यामागचें कारण ज्यास समजलें त्याला तो पाठ करावा लागत नाहीं.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं मीं हा विषय निवडला तिच्याकडे वळतें. ती म्हणजे श्वास मोजणें.

ताप यंत्र सांगतें, रक्तदाब यंत्र सांगतें, नाडीही आतां यंत्र सांगतें. श्वास मात्र अजून पुष्कळ ठिकाणीं माणसालाच मोजावा लागतो. आणि म्हणूनच तक्त्यावर सर्वांत अधिक खोटा आंकडा कोणता असेल तर तो श्वासाचा असतो. हें मी कोणास दोष देण्याकरितां सांगत नाहीं. माझ्याच हातून घडलेलें सांगतें.

मी शिकत असतांना एका मोठ्या रुग्णालयांत रात्रपाळीस होतें. वॉर्डांत पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक वृद्ध शेतकरी होता. शस्त्रक्रियेची तिसरी रात्र. मध्यरात्रीं मीं त्याचा ताप पाहिला, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, आणि श्वासाच्या घरांत २० हा आंकडा लिहून पुढच्या खाटेकडे गेलें. त्याची बायको खालीं सतरंजीवर बसून होती. ती म्हणाली, "सिस्टरबाई, ह्यांचा दम मला काय बरा दिसत न्हाई." मीं म्हटलें, "मावशी, झोंपूं द्या त्यांना. तक्ता ठीक आहे." ती गप्प बसली. तक्ता म्हणजे काय हें तिला ठाऊक नव्हतें. पण तो शब्द मीं ज्या स्वरांत उच्चारला तो तिला समजला.

पांच वाजतां वॉर्डाच्या मुख्य सिस्टर आल्या. त्या खाटेच्या पायथ्याशीं थांबल्या. त्यांनीं रोग्यास हात लावला नाहीं कीं तक्ता पाहिला नाहीं. घड्याळाकडे पाहात त्या पुरतें एक मिनिट उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "३४. आतां तूं मोज." मीं मोजला, मलाही ३४ च मिळाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागांत न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांना ताबडतोब बोलाविण्यांत आलें, उपचार झाले, आणि दोन आठवडे अधिक काढून तो मनुष्य आपल्या पायांनीं घरीं गेला. पण त्या पहांटे सिस्टरांनीं मला तो तक्ता दाखविला, तो मीं अजून विसरलें नाहीं. दोन दिवसांच्या प्रत्येक घरांत २० हाच आंकडा होता. तीन हातांचीं अक्षरें वेगळीं, आंकडा मात्र एकच. सिस्टर रागावल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "ही माणसाची छाती आहे, कीं भिंतीवरचें घड्याळ?" त्या रात्रीं रोग्याची खरी तपासणी त्याच्या बायकोनें केली होती. आम्हीं तिघींनीं कागद भरला होता.

रिकामें घर दिसलें तर डॉक्टर विचारतात. खोटा आंकडा दिसला तर ते विश्वास ठेवतात. न मोजलेला आंकडा हा रिकाम्या घरापेक्षां वाईट, तो याच कारणानें.

मग श्वास मोजावा कसा? छाती वर येऊन खालीं गेली म्हणजे एक श्वास. रोगी शांत असतां, सबंध एक मिनिट, सेकंदाचा कांटा असलेल्या घड्याळावर मोजावा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याचा मोह टाळावा. त्यांत एका श्वासाची चूक झाली तर ती चारांची होते. आपण श्वास मोजीत आहों हें रोग्यास कळूं देऊं नये, कारण श्वास ही अशी क्रिया आहे कीं तिच्याकडे लक्ष गेलें कीं ती बदलते. म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटें मनगटावर तशींच ठेवावीं आणि नजर छातीकडे न्यावी. पांघरुणामुळें हालचाल दिसत नसेल, तर रोग्याचा हात त्याच्या छातीवर आडवा ठेवावा. तो हात वरखालीं होतांना दिसतो.

विश्रांतींत असलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटास साधारणतः १२ ते २० असतो. संख्येबरोबर कष्टही पाहावे: नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायु ताणले जातात का, फांसळ्यांच्या मधील भाग आंत ओढला जातो का, एक वाक्य पुरें करण्यास रोग्याला मध्यें थांबावें लागतें का. श्वास फार मंद होणें हेंही तितकेंच धोक्याचें. मॉर्फीनसारखें वेदनाशामक दिलेल्या रोग्यावर त्या दृष्टीनें विशेष लक्ष ठेवावें.

श्वासाला एवढें महत्त्व कां, हेंही समजून घ्यावें. न्यूमोनिया असो, रक्तांत पसरलेला जंतुसंसर्ग असो, आंतला रक्तस्राव असो, कीं मधुमेहांत रक्तांत वाढलेलें आम्ल असो. शरीर तोल सांभाळण्याची धडपड करतें आणि त्या धडपडींत श्वास लवकर वाढतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब पुष्कळ वेळ टिकवून धरतात. तो पडतो तेव्हां उशीर झालेला असतो. इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें धोक्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धति २०१२ सालीं प्रसिद्ध केली व २०१७ सालीं ती सुधारली. तींत मिनिटास २५ किंवा अधिक, अथवा ८ किंवा कमी श्वास असल्यास त्या एकाच नोंदीस ३ गुण, म्हणजे अधिकांत अधिक, दिले जातात. माझ्या त्या शेतकऱ्याचा तक्ता खरा भरला असता, तर त्या एकाच घरानें हांक मारली असती.

हें काम फार विद्येचें आहे असें वाटत असेल, तर आपल्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण ऐका. गडचिरोली जिल्ह्यांत लहान मुलें न्यूमोनियानें दगावत. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेनें गांवच्या सुईणींनाही मुलांचा श्वास मोजण्यास शिकविलें. त्यांपैकीं पुष्कळ जणींना लिहितां-वाचतां येत नव्हतें, मोठ्या संख्या मोजतां येत नव्हत्या. तेव्हां त्यांच्यासाठीं एक साधें उपकरण करण्यांत आलें: एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याची पाळी आली, कीं मुलाला न्यूमोनिया आहे असें समजावयाचें आणि औषध सुरू करावयाचें. या कामामुळें बालमृत्यु कमी झाल्याचा अहवाल १९९० सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. घरोघरच्या मातांनींही हे आंकडे ध्यानांत ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें शांत असलेल्या मुलाचा श्वास मिनिटास, दोन महिन्यांच्या आंत ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या दरम्यान ४० किंवा अधिक असल्यास तो जलद समजावा. खोकला असलेल्या मुलाचा श्वास असा जलद आढळल्यास, किंवा छाती आंत ओढली जात असल्यास, त्याला विलंब न करतां दवाखान्यांत न्यावें.

कोणी म्हणेल, आतां बोटाला लावण्याचें प्राणवायु मोजणारें यंत्र घरोघर आलें आहे. मग हे कष्ट कशाला? त्या यंत्राचा मी अनादर करीत नाहीं. २०२० व २०२१ सालच्या साथींत, तोंडानें कांहींच तक्रार न करणाऱ्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तांतला प्राणवायु धोक्याइतका उतरला आहे, हें त्या यंत्रानेंच दाखविलें. तेथें नुसती नजर फसली असती. पण यंत्रही फसतें. बोटें गार असलीं, नखांना रंग लावला असला, तर त्याचा आंकडा भरंवशाचा राहात नाहीं. आणि काळ्या त्वचेच्या रोग्यांत तें कधीं कधीं प्रत्यक्षाहून अधिक प्राणवायु दाखवितें, असें २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं जो मनुष्य मिनिटाला ३४ वेळां धांपा टाकून आपला प्राणवायु कसाबसा टिकवीत आहे, त्याचाही आंकडा यंत्रावर चांगला दिसूं शकतो. यंत्र मिळकत दाखवितें. त्या मिळकतीसाठीं शरीर किती राबत आहे, तें छातीकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं.

शेवटची गोष्ट कळविण्याची. जें दिसलें तें तेव्हांच लिहावें, वेळेसह लिहावें, आणि डॉक्टरांना सांगतांना मोघम बोलूं नये. "रोगी बरा दिसत नाहीं," असें म्हटल्यास झोंपेंतून उठविलेला मनुष्य "सकाळीं पाहूं" म्हणेल. "श्वास रात्रीं दहा वाजतां १८ होता, बारा वाजतां २४ झाला, आतां ३० आहे, ओठ निळसर आहेत आणि ते अर्धवट गुंगींत आहेत," असें म्हटल्यास तो उठून येतो. आला नाहीं, तर पुन्हा सांगावें, वरिष्ठांस सांगावें. भीड धरूं नये. आणि उशाशीं बसलेल्या माणसानें कांहीं सांगितलें, तर तें शास्त्रीय भाषेंत नाहीं म्हणून टाकून देऊं नये. त्यानें त्या रोग्याला चाळीस वर्षें झोंपलेलें पाहिलेलें असतें. आपण तीन रात्रीं.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें तुम्ही पुष्कळ यंत्रें हाताळाल, आणि आज आम्हांस ठाऊकही नाहींत अशीं नवीं यंत्रें निघतील. त्यांचा उपयोग अवश्य करा. परंतु दर पाळीस प्रत्येक रोग्यापाशीं एक मिनिट उभे राहा. हात स्थिर, नजर छातीवर, कांट्याकडे लक्ष. वीस रोग्यांचीं वीस मिनिटें होतात. कामाच्या रेट्यांत तीं काढणें सोपें नाहीं, हें मी जाणतें. माझीही एकदां सुटलीं होतीं. पण त्या मिनिटांत जो आंकडा मिळतो तो खरा असतो, आणि सकाळी येणाऱ्या डॉक्टरांना, तसेंच सतरंजीवर जागत बसलेल्या त्या बाईला, आपल्याकडून तेवढाच पाहिजे असतो.